पेडल कडक का होतं? ब्रेकच्या मदतनीसाचा इतिहास

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एका नेहमीच्या श्रोत्यांनी विचारलं, "इतिहासाच्या व्याख्यानात गॅरेज कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आधी आमचीच फजिती सांगतो.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आम्ही पाचगणीहून पसरणी घाटाने वाईकडे उतरत होतो. गाडी पेट्रोलची, दहा-बारा वर्षं वापरलेली, पण नीट ठेवलेली. सकाळी चढताना काही तक्रार नव्हती. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये निम्मा घाट झाला आणि एका वळणावर ब्रेकवर पाय ठेवला, तर पेडल दगडासारखं! खाली जाईच ना. पाठ सीटला टेकवून, स्टिअरिंग घट्ट धरून, सगळं अंग त्या एका पायावर घातलं, तेव्हा कुठे गाडी नाइलाजाने थांबल्यासारखी थांबली. कठडा चार हातांवर होता. मागच्या सीटवरून आईने एवढंच विचारलं, "झालं का रे काही?"

अर्धा तास थांबून पुन्हा निघालो तर पेडल अगदी नेहमीसारखं. पुण्यात आल्यावर गॅरेजच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिल्याने पुढचे पॅड बदलले. दुसऱ्याने ब्रेक ऑइल बदललं, एअर काढली, मास्टर सिलिंडरचं किट टाकलं. तिसऱ्याने एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ब्रेक एक नंबर आहेत साहेब, तुम्हाला भास झाला असेल." पैसे तिघांनीही घेतले. चौथ्या ठिकाणी एक वयस्कर मिस्त्री होते. त्यांनी पान्याला हात लावायच्या आधी विचारलं, "ब्रेक लागत नव्हता, की पेडल दाबलं जात नव्हतं?"

आजचं सगळं व्याख्यान या एका प्रश्नाचं आहे. आपल्याकडे घाटात गाडी गेली की दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'ब्रेक फेल झाल्याने'. या दोन शब्दांत निदान तीन वेगवेगळे आजार कोंबलेले असतात. पेडल सरळ खाली जातं, तो एक. पेडल स्पंजसारखं लागतं, तो दुसरा. आणि पेडल कडक होतं, तो तिसरा. पहिल्या दोहोंत दोष ब्रेकच्या पोटात असतो: तेल गळतंय, सील गेलंय किंवा पाइपात हवा आहे. तिसऱ्यात बहुतेक वेळा ब्रेक शाबूत असतो. गेलेला असतो तो ब्रेकचा मदतनीस. आणि हा मदतनीस गाडीत कधी, का आणि कुठल्या वाटेने आला हे माहीत असेल, तर तो कुठे अडलाय हे शोधणं सोपं जातं. म्हणून इतिहास.

सुरुवात मोटारीपासून करता येत नाही. थोडं मागे, १६४८ सालच्या फ्रान्समध्ये जावं लागतं. त्याच्या काही वर्षं आधी इटलीत टोरिचेल्लीने पाऱ्याची नळी उलटी करून दाखवली होती. बाहेरच्या हवेचं वजन नळीतला सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीचा पारा तोलून धरतं. ब्लेझ पास्कालला वाटलं, हे खरंच हवेचं वजन असेल तर डोंगरावर हवा कमी, म्हणजे पाराही कमी चढला पाहिजे. त्याची स्वतःची प्रकृती तोळामासा. त्याने आपल्या मेहुण्याला, फ्लोरँ पेरिएला, प्युय द डोम नावाच्या डोंगरावर नळी घेऊन पाठवलं. पेरिए मोठा व्यवस्थित माणूस. खाली मठाच्या बागेत दुसरी नळी लावून तिच्यावर दिवसभर एका साधूला बसवलं, म्हणजे 'हवामान बदललं म्हणून पारा उतरला' असं म्हणायला जागा नको. वर गेल्यावर पारा आठ सेंटीमीटरहून जास्त उतरलेला दिसला. खालच्या साधूची नळी होती तिथेच होती.

याच पास्कालने दुसरी गोष्ट सांगितली. बंद द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो. तुमच्या गाडीचा ब्रेक या दोन्ही शोधांवर चालतो. पेडलपासून चाकापर्यंतचं तेल हा पास्कालचा द्रव, आणि पेडल हलकं करणारा बूस्टर ही टोरिचेल्ली-पास्कालची हवा. मिस्त्री 'ब्रेक ऑइल' आणि 'व्हॅक्यूम' असे दोन शब्द वापरतात, त्यामागे सतराव्या शतकातली ही जोडी आहे.

आता दोनशे वर्षं ओलांडून रेल्वेकडे येऊ. व्हॅक्यूमने ब्रेक लावायची कल्पना मोटारीच्या आधी आगगाडीत आली. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'साधा' व्हॅक्यूम ब्रेक वापरात होता. ड्रायव्हरने इंजिनातून डब्यांखालच्या पाइपातली हवा ओढून घेतली की बाहेरच्या हवेच्या दाबाने ब्रेक लागायचे. पाइप सलग असला आणि हवा ओढली जात असली, तर ब्रेक आहे. पाइप तुटला की ब्रेक नाही. यातली मेख लक्षात आली का?

१२ जून १८८९ या दिवशी आयर्लंडमध्ये आर्माजवळ ती कळली. मुलांची सहल घेऊन निघालेली लांबलचक गाडी चढावर दमली, थांबली. कर्मचाऱ्यांनी ठरवलं की गाडी मधून तोडायची, पुढचा भाग आधी वर नेऊन ठेवायचा, मग मागचा न्यायला यायचं. डबे सोडवले, त्या क्षणी मागच्या डब्यांचा व्हॅक्यूम गेला. आता ते डबे धरून ठेवायला गार्डच्या डब्याचा हातब्रेक आणि चाकांखाली ठेवलेले दगड एवढंच उरलं. पुढचा भाग हलताना जरासा मागे आला, धक्का बसला आणि मागचे डबे उतारावरून सुटले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसं गेली, त्यांत पुष्कळशी लहान मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कायदा केला की प्रवासी गाड्यांना सलग आणि 'स्वयंचलित' ब्रेक हवाच. स्वयंचलित म्हणजे उलट्या रीतीचा. व्हॅक्यूम असेल तोवर ब्रेक सुटलेला राहील, आणि व्हॅक्यूम गेला, पाइप तुटला, डबा सुटला, की ब्रेक आपोआप लागेल.

हा उलटा केलेला ब्रेक आपल्या आधीच्या पिढीने रोज वापरला आहे. आपल्या रेल्वेत व्हॅक्यूम ब्रेक विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत होता, मग हळूहळू एअर ब्रेक आला. जुन्या गाडीत कुणी साखळी ओढली की 'सूंऽऽ' असा आवाज यायचा आणि गाडी रखडत थांबायची. तो आवाज पाइपात हवा शिरल्याचा. इंजिनातल्या घड्याळाचा काटा २१ इंचांवर, म्हणजे ५३ सेंटीमीटर पाऱ्यावर असायचा, तो खाली यायचा. बिघाड झाला की गाडी थांबते, हे तत्त्व त्यात आहे.

मोटारीत मात्र आर्माच्या आधीचाच, साध्या ब्रेकचा विचार येऊन बसला. व्हॅक्यूम असेल तर मदत, नसेल तर नाही. असं का झालं ते बघू.

पहिल्या मोटारींचे ब्रेक सळया आणि तारांचे. पाय जेवढा जोर देईल तेवढा, आणि तोही चारही चाकांना सारखा पोचेल याची खात्री नाही. गाड्या जड आणि वेगवान होत गेल्या तशी माणसाच्या पायाची ताकद अपुरी पडू लागली. १९१९ साली हिस्पानो-सुइझा कंपनीच्या एच-६ गाडीत मार्क बिर्किग्टने एक चतुर युक्ती केली. गिअरबॉक्सकडून फिरणाऱ्या एका दांड्याची शक्ती घेऊन तो ब्रेकला जोर देई. म्हणजे गाडीची गतीच गाडीला थांबवायला मदत करणार. पुढे रोल्स-रॉइसनेही ही रचना परवान्याने घेतली. पण ती महाग, नाजूक, श्रीमंतांची. दुसरीकडे अमेरिकेत माल्कम लॉकहीडने तेलाचा ब्रेक आणला. विमानांची लॉकहीड कंपनी काढणाऱ्या ॲलनचा हा भाऊ. १९२१ च्या ड्यूसेनबर्ग गाडीत चारही चाकांना तेलाचे ब्रेक आले. पास्कालचा द्रव गाडीत शिरला तो असा. तेलाने जोर सारखा वाटला, पण जोर मुळात पायाचाच राहिला.

मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पेट्रोल इंजिन चालू असताना एक गोष्ट फुकट तयार होत असते. इंजिन हवा ओढतं आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असतो तेव्हा थ्रॉटलची झडप जवळजवळ बंद असते. पिस्टन ओढताहेत आणि वाट बंद, त्यामुळे इनलेट मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम होतो. गंमत अशी, की ब्रेक दाबताना आपला पाय ॲक्सिलरेटरवर नसतोच. हवा तेव्हाच व्हॅक्यूम तयार! बेल्जियमच्या आल्बेर देवांद्रने यावर ब्रेकचा मदतनीस बनवला आणि जर्मनीच्या बॉशने १९२७ साली तो बाजारात आणला. अमेरिकेत केलेब ब्रॅग नावाचा मोटार-शर्यतपटू आणि व्हिक्टर क्लाइसराथ यांनी तसंच यंत्र केलं. ते १९२८ च्या पिअर्स-ॲरो गाडीत बसलं, आणि पुढे त्यांचा धंदा बेंडिक्सकडे गेला.

मिस्त्री ज्याला 'बूस्टर' म्हणतात तो काळा, गोल, डब्यासारखा भाग बॉनेट उघडल्यावर ड्रायव्हरच्या समोरच्या पत्र्याला चिकटलेला दिसतो. आत रबराचा पडदा आहे, डायफ्राम. एरवी पडद्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम असतो. पेडल दाबलं की तुमच्या बाजूची एक छोटी झडप उघडते आणि मागून साधी हवा आत येते. पडद्याच्या एका अंगाला हवा, दुसऱ्या अंगाला पोकळी, म्हणून हवा पडद्याला पुढे ढकलते. किती जोराने? ढोबळ हिशेब करा. नऊ इंच व्यासाचा पडदा म्हणजे सुमारे ४१० चौरस सेंटीमीटर. ५० सेंटीमीटर पाऱ्याचा व्हॅक्यूम म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सुमारे ६८० ग्रॅम. गुणाकार २८० किलोच्या आसपास जातो. तुम्ही पायाचा अंगठा टेकवता आणि शेजारी तीन-चार माणसं उभी राहून पेडल ढकलतात, असं समजा. ती माणसं एकदम निघून गेली की उरतो तो तुमचा एकट्याचा पाय. पेडल कडक झालं म्हणजे नेमकं हे झालं. तुम्ही १९२१ सालच्या गाडीत जाऊन बसलात.

कुणी म्हणेल, आमच्या वडिलांच्या पद्मिनीला कुठे होता बूस्टर? नव्हताच. जुन्या फिॲट-पद्मिनीला आणि जुन्या ॲम्बेसेडरला बूस्टरविना ड्रम ब्रेक होते आणि मुंबईचे टॅक्सीवाले त्याच पेडलवर दिवस काढत. पण ड्रममध्ये एक सोय असते. फिरता ड्रम एका लायनरला स्वतःच ओढून आणखी घट्ट बसवतो, त्यामुळे थोडी मदत आपोआप मिळते. डिस्कला ही सोय नाही. तिथे पॅड दोन्हीकडून चिमटीसारखे दाबायचे, आणि जितका दाब तितकाच ब्रेक. १९५३ साली जग्वारने ल मान्सची शर्यत डिस्क ब्रेकवर जिंकली, १९५५ साली सित्रोएनच्या डीएस गाडीला पुढे डिस्क आल्या, आणि मग हळूहळू सगळ्याच मोटारींना. डिस्क आली तिथे बूस्टर ही चैन राहिली नाही, गरज झाली. पद्मिनीवर पाय तयार झालेला जुना ड्रायव्हर आजच्या गाडीचा बूस्टर गेल्यावर 'आपण सांभाळून घेऊ' म्हणतो, ते म्हणूनच खरं नाही. ही गाडी त्या पायासाठी बनलेलीच नाही.

अमेरिकेच्या सुरक्षा-नियमांत याचा हिशेब आहे. ताशी १०० किलोमीटर वेगावरून मोटार साधारण ७० मीटरांत थांबली पाहिजे. मदतनीस बंद पाडून तीच चाचणी घेतली, तर मुभा १६८ मीटरांची. आणि दोन्ही वेळा पायाचा जोर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलोपर्यंतच धरायचा. म्हणजे कायदा म्हणतो: मदत गेली तरी ब्रेक असलाच पाहिजे, पण अंतर दुपटीच्या वर जाईल. आम्हाला तो कठडा चार हातांवर का सापडला, ते हा आकडा वाचल्यावर कळलं.

आर्माचा धडा मोटारीने अगदीच घेतला नाही असं मात्र नाही. व्हॅक्यूमचा पाइप बूस्टरला मिळतो तिथे एकाच दिशेने उघडणारी झडप असते. मिस्त्री तिला एनआरव्ही म्हणतात. इंजिन बंद पडलं तरी बूस्टरमधला व्हॅक्यूम ती कोंडून ठेवते, आणि तेवढ्या शिलकीवर दोन-तीन वेळा पेडल हलकं दाबता येतं. दोन-तीनच. उतारावर पेट्रोल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चौथ्या वळणाला शिल्लक संपलेली असते. आणि वाचत काहीच नाही, कारण आजची इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर सोडला की इंधन स्वतःच तोडते.

ही शिल्लक कशी संपते याचं दुःखद उदाहरण २००९ च्या ऑगस्टमधलं आहे, कॅलिफोर्नियात सॅन दिएगोजवळचं. लेक्सस गाडीचा ॲक्सिलरेटर पायाखालच्या मॅटमध्ये अडकून दाबलेलाच राहिला आणि अपघातात चौघे गेले. टोयोटाच्या गाड्यांची मोठी चौकशी त्यानंतर झाली. आपल्या विषयापुरतं एवढंच बघू, की थ्रॉटल पूर्ण उघडा असला तर मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयारच होत नाही. अशा वेळी ब्रेक एकदा दाबून धरला तर शिलकीतली मदत मिळते. घाबरून दाब-सोड, दाब-सोड केली तर प्रत्येक सोडण्याबरोबर शिल्लक उडते आणि पेडल दगड होतं. म्हणून चालत्या गाडीत पेडल कडक लागलं तर पंप करायचं नाही. दोन्ही पाय लावावे लागले तरी चालतील, पण एकसलग, पूर्ण जोराने दाबून धरायचं, गिअर उतरवायचा, हातब्रेक बटण दाबून हळूहळू ओढायचा आणि इंजिन बंद करायचं नाही. मात्र ॲक्सिलरेटरच अडकला असेल तर गाडी न्यूट्रलला टाकायची.

आता मिस्त्रींकडे परत जाऊ. त्यांनी जे केलं ते आम्ही शेजारी उभं राहून पाहिलं आणि नंतर समजलं, की मदत ज्या वाटेने येते ती वाट ते शेवटाकडून सुरुवातीकडे तपासत होते.

आधी इंजिन बंद ठेवून पेडल पाच-सहा वेळा दाबलं. शिल्लक संपली, पेडल कडक झालं. मग पेडलवर पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू केलं. पाय जरासा खाली गेला. म्हणाले, "हे बघा, बूस्टर आला मदतीला." पाय खाली गेला नसता तर मदत पोचत नाही हे तिथेच ठरलं असतं. मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद केलं आणि पेडल सावकाश तीनदा दाबलं. पहिल्यांदा खोल गेलं, दुसऱ्यांदा कमी, तिसऱ्यांदा आणखी कमी. म्हणजे कोंडलेला व्हॅक्यूम टिकतोय. पडदा फाटला असता तर तो टिकला नसता, पेडलपाशी फुसफुस ऐकू आली असती आणि पेडल दाबल्यावर इंजिनचं आयडलिंगही बिघडलं असतं. मग त्यांनी बूस्टरमधून एनआरव्ही ओढून काढली. 'फस्स' असा आवाज आला. झडप चांगली.

इथपर्यंत तिसऱ्या गॅरेजवाल्याचंच म्हणणं खरं ठरत होतं. भासच. पण मिस्त्रींनी विचारलं, "चढून गेला होतात ना? लगेच उतरलात?" मग आम्हाला शेजारी बसवून त्यांनी कात्रजच्या घाटाकडे तासभर गाडी हाणली, खालच्या गिअरमध्ये, मुद्दाम तापवत. परत येऊन इंजिन चालू ठेवूनच बॉनेट उघडलं, रेझ करून एकदम सोडलं आणि व्हॅक्यूमचा पाइप आम्हाला दाखवला. थंड असताना ताठ असलेला तो पाइप गरम झाल्यावर मऊ पडला होता, आणि मॅनिफोल्डने जोराने ओढल्याबरोबर बसलेल्या फुग्यासारखा चपटा झाला. आतून तेलाच्या वाफेने रबर कुजलेलं होतं. घाटात खालच्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटर सोडून उतरताना मॅनिफोल्डची ओढ सगळ्यात जास्त असते. तेव्हाच पाइप मिटायचा आणि बूस्टर शिलकीवर राहायचा. दोन-तीन वळणांनी शिल्लक संपली. गाडी थंड झाली की पाइप पुन्हा उघडा. म्हणून प्रत्येक गॅरेजमध्ये ब्रेक 'एक नंबर'.

एक फूट लांबीचा पाइप आणि दोन क्लिपा. पॅड, तेल, मास्टर सिलिंडर, सगळं आधीच नवं होऊन बसलेलं. जुन्या बिलांपुढे या पाइपाची किंमत चहापाण्याची. त्यांनी बजावलं ते महत्त्वाचं: इथे पाण्याचा किंवा पेट्रोलचा साधा पाइप टाकायचा नाही. तो बाहेर ढकलणारा दाब सोसतो, आत ओढणारा सोसत नाही, म्हणून व्हॅक्यूमसाठी बनवलेला जाड भिंतीचा पाइपच हवा. आणि एनआरव्ही उलटी बसवली तर मदत कधीच पोचणार नाही. त्यावर बाण असतो, तो इंजिनाकडे.

पहिल्याच चाचणीत पाय खाली गेला नसता, तर मिस्त्रींनी पाइपावर व्हॅक्यूमचं घड्याळ लावलं असतं. निरोगी पेट्रोल इंजिन आयडलिंगला साधारण १७ ते २१ इंच दाखवतं. आता पेरिएची नळी आठवा. हे आकडे समुद्रसपाटीचे. दर ३०० मीटरला ढोबळ एक इंच वजा करायचा. पुणे ५६० मीटरवर, म्हणजे दोनेक इंच कमी. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर, तिथे चारेक इंच कमी. मुंबईच्या मॅन्युअलचा आकडा धरून वाईच्या वर गाडी तपासली तर चांगलं इंजिनही आजारी ठरेल. आणि तिथे बूस्टरची मदत मुळातच थोडी कमी असते, कारण ढकलणारी हवाच विरळ आहे.

डिझेलची गोष्ट वेगळी आणि आपल्याकडे ती फार महत्त्वाची, कारण सुमो, जीप, टॅक्सी असा सगळा संसार वर्षानुवर्षं डिझेलवर चालला. जुन्या डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखी थ्रॉटलची झडप नसते, म्हणून मॅनिफोल्डमध्ये फुकटचा व्हॅक्यूमही नसतो. त्यासाठी वेगळा पंप लागतो. कितीतरी गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला बसवलेला असतो. अल्टरनेटर दुरुस्त केला आणि आठवड्याने पेडल कडक झालं, अशी तक्रार आली तर जाणता माणूस आधी त्या पंपाकडे आणि त्याला तेल देणाऱ्या बारीक पाइपाकडे बघतो. तेल नसेल तर पंपाच्या पाती झिजतात. ड्रायव्हर म्हणतो ब्रेक गेला, आणि दोष निघतो चार्जिंगच्या सामानात.

बूस्टर स्वतः गेला तर तो उघडून दुरुस्त करायच्या फंदात पडू नये. अख्खा बदलावा. पण बदलण्याआधी तो का गेला ते बघावं. मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून तो पुढे सरकवला आणि मागे ओल दिसली, तर सिलिंडरचं मागचं सील गळतंय आणि ब्रेक ऑइलने पडदा खाल्लाय. नुसता बूस्टर टाकला तर वर्षभरात पुन्हा तेच.

आणि बूस्टरच्या सगळ्या चाचण्या पास, पाइपही ठीक, तरी ताकद लावावी लागते? मग दोष चाकाशी. कॅलिपरच्या पिना गंजून अडकलेल्या, पॅड तापून काचेसारखे गुळगुळीत झालेले, किंवा चाकाजवळचा रबरी पाइप आतून सुजून बंद झालेला. मोटारीच्या इतिहासात ब्रेक चाकापासून पायाकडे आला आणि मदतनीस सगळ्यात शेवटी जोडला गेला. शोधायचं मात्र उलटं: शेवटी आलेल्याची झडती आधी.

शेवटी दोन प्रश्न आले आहेत, ते घेतो.

पहिला: ट्रकचं काय? मोठ्या ट्रकला आणि बसला दाबलेल्या हवेचे ब्रेक असतात आणि त्यांच्या पार्किंग ब्रेकमध्ये जाड स्प्रिंग असते. हवा आहे तोवर स्प्रिंग दबलेली. हवा गेली की स्प्रिंग सुटते आणि ब्रेक लागतो. म्हणजे ट्रकने आर्माचा कायदा पाळला, मोटारीने नाही. घाटात ट्रक जातात ते बहुधा लायनर तापून, पण तो स्वतंत्र विषय आहे.

दुसरा: इलेक्ट्रिक गाडीत इंजिनच नाही, मग व्हॅक्यूम कुठून? काही गाड्यांत विजेवर चालणारा छोटा व्हॅक्यूम पंप असतो. इंजिन नसल्यामुळे तो चालू झालेला कानाला कळतो. काहींत व्हॅक्यूम काढूनच टाकलाय. बॉशने २०१३ साली आय-बूस्टर आणला, त्यात पेडलला मोटर मदत करते. हो, तिथेही पेडल कडक होऊ शकतं. फ्यूज, वायर किंवा ती मोटर गेली की उरतो पायच. पाइप चपटा झालाय का ते मात्र तिथे बघता येणार नाही. स्कॅनर लावावा लागेल.